दुकानातलं नेटवर्क, दुकानाचीच वीज

तालुक्याच्या बाजारपेठेतल्या कोणत्याही औषधांच्या दुकानात काउंटरच्या वरच्या फळीवर किंवा कपाटाच्या माथ्यावर तीन-चार लहान पेट्या लुकलुकताना दिसतात. एक फायबरवाल्याने बसवलेली ओएनयू, म्हणजे फायबर जिथे संपतो ती पेटी, तिला जोडलेला वायफाय राउटर, आठ पोर्टांचा स्विच आणि कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर. या सगळ्यांना मिळून एका जुन्या सिलिंग पंख्याएवढीही वीज लागत नाही. तरीही लाइट गेली की बिलिंग थांबतं, घाऊक विक्रेत्याकडची ऑर्डर अडकते, कार्डाचं मशीन नुसतं फिरत राहतं आणि ज्या अंधारात कॅमेऱ्यांची खरी गरज, त्याच अंधारात ते बंद पडतात. या पेट्यांना वीज कशातून द्यायची, किती वेळ द्यायची आणि त्यासाठी बॅटरीची कोणती व्यवस्था निवडायची, हा या पुस्तकाचा विषय आहे.

विषय लहान दिसतो, म्हणून तो कुणाच्याच वाट्याला येत नाही. वायरमन दिवे-पंखे मोजतो. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा केबल आणि पासवर्ड पाहतो. बॅटरीचा दुकानदार अँपिअर-अवर आणि गॅरंटी सांगतो. नेटवर्कची वीज या तिघांच्या मधल्या जागेत पडते. व्यवसाय चालवणारा माणूस मग शेजारच्या दुकानात जे आहे तेच घेतो. पहिलं वर्ष बरं जातं, दुसऱ्या उन्हाळ्यात बॅटरी बसते आणि ‘यूपीएस काही टिकत नाहीत’ असा निष्कर्ष निघतो. माझ्या मते यात वस्तूचा दोष फार कमी वेळा असतो. मोजमाप न करता निवड झाली, हे खरं कारण असतं. हे मोजमाप अवघड नाही आणि दहावीपर्यंतच्या गणिताच्या पलीकडे जात नाही, हे दाखवण्यासाठी हे पुस्तक लिहिलं आहे.

हा प्रश्न दुकानदाराच्या दारात कसा आला, ते समजायला थोडं मागे जावं लागतं. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं ते १८८२ मध्ये. त्या जमान्यातल्या टेलिफोनला आवाज पाठवण्यासाठी लागणारी बॅटरी ग्राहकाच्याच घरात ठेवलेली असे. ती सांभाळणं कटकटीचं होतं, म्हणून पुढे सामायिक बॅटरीची पद्धत रूढ झाली. एक्स्चेंजच्या तळघरात किंवा वेगळ्या खोलीत शिशाच्या मोठ्या बॅटऱ्यांची रांग लागली आणि तांब्याच्या दोन तारांतून आवाजाबरोबर ४८ व्होल्टची डीसी वीजही ग्राहकापर्यंत जाऊ लागली. घरातली लाइट गेली तरी काळा फोन वाजत असे, तो यामुळे. सी-डॉट या दूरसंचार तंत्रज्ञानाच्या सरकारी संस्थेची स्थापना १९८४ मध्ये झाली. तिने गावोगाव नेलेली लहान ग्रामीण एक्स्चेंजेस वातानुकूलनाशिवाय, उन्हातान्हात आणि बेभरवशाच्या विजेवर चालतील अशीच घडवली होती. विजेची चिंता एक्स्चेंजची होती, ग्राहकाची नव्हती.

फायबर आला आणि ही व्यवस्था संपली. काचेच्या तंतूतून प्रकाश जातो, वीज जात नाही. तंतूच्या टोकाला जी ओएनयू बसते तिला दुकानातल्याच प्लगमधून वीज घ्यावी लागते. म्हणजे टेलिफोनच्या पहिल्या दिवसांत जी जबाबदारी ग्राहकाच्या घरात होती, ती मधली शंभर वर्षं एक्स्चेंजने वाहून आता पुन्हा ग्राहकाकडे सोपवली आहे. बदल इतका गुपचूप झाला, की जोडणी देताना ही गोष्ट सांगणारे फार थोडे. या पुस्तकाचा सगळा युक्तिवाद या एका बदलावर उभा आहे.

दुसरा धागा संगणकाचा. मोठ्या संगणकांसाठी अखंड वीज देणारी यंत्रं साठच्या दशकापासून बनू लागली होती. आपल्याकडे १९८४ च्या रंगराजन समितीच्या अहवालानंतर बँकांमध्ये संगणक आले आणि त्यांच्याबरोबर सर्व्हो स्टॅबिलायझर व यूपीएस हे शब्दही आले. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, त्यानंतर सायबर कॅफे निघाले आणि प्रत्येक संगणकाखाली एकेक लहान यूपीएस दिसू लागला. त्या यूपीएसचं काम फार मर्यादित होतं. चालू काम जतन करून संगणक नीट बंद करण्यापुरती दहा-पंधरा मिनिटं मिळाली की झालं. आजही बाजारात सर्वाधिक खपणारा यूपीएस त्याच गरजेसाठी घडवलेला आहे. राउटरला मात्र काही जतन करायचं नसतं, त्याला चालू राहायचं असतं. गरज बदलली, पण वस्तू तीच राहिली.

तिसरा धागा भारनियमनाचा. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचं जून २००५ मध्ये विभाजन झालं आणि महावितरण, महापारेषण, महानिर्मिती या कंपन्या झाल्या. पुढची काही वर्षं राज्यात विजेची तूट तीव्र होती. गळती आणि वसुली यांच्या प्रमाणानुसार फीडरचे गट पाडले गेले आणि कोणत्या गटाला किती तास अंधार, हे त्यावरून ठरू लागलं. या वर्षांनी महाराष्ट्राच्या घराघरांत इन्व्हर्टर आणि ट्युब्युलर बॅटरी नेली. दोन-चार तास पंखा आणि दिवे चालवणारी ही जोडी आपल्या सवयीची झाली. नेटवर्कसाठी बॅकअप म्हटलं की आजही बहुतेकांच्या डोळ्यांसमोर तीच येते.

बॅटरीचा इतिहास या तिन्ही धाग्यांच्या खालून वाहतो. गास्तों प्लांते यांनी शिशाची पुन्हा भरता येणारी बॅटरी १८५९ मध्ये बनवली आणि १८८१ मध्ये कामिल फोर यांनी लेप दिलेल्या पट्ट्यांची पद्धत आणली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाणी न घालता चालणारी बंद बॅटरी आली, आज लहान यूपीएसमध्ये असते ती. लिथियम-आयन बॅटरी सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणली. त्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गुडइनफ यांच्याच प्रयोगशाळेतून नव्वदच्या दशकात लिथियम आयर्न फॉस्फेटचं, म्हणजे बाजारात एलएफपी म्हणतात त्या रसायनाचं काम पुढे आलं. उष्णता अधिक सोसणारी, सहजी पेट न घेणारी आणि हजारो वेळा भरता-उतरवता येणारी ही बॅटरी आता लहान व्यावसायिकाच्या आवाक्यात येऊ लागली आहे.

आज हा विषय तातडीचा का झाला, याची कारणं दुकानातच आहेत. यूपीआय २०१६ मध्ये आलं आणि सुट्ट्या पैशांचा गल्ला मोबाइलवर गेला. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला. ई-वे बिल आलं. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या व्यावसायिकांना ई-इनव्हॉइस बंधनकारक झालं, म्हणजे ऑनलाइन नोंद झाल्याशिवाय माल गाडीत चढत नाही. रेशन दुकानातल्या ई-पॉस मशीनला अंगठा पडताळायला नेट लागतं, आपले सरकार सेवा केंद्राला दाखला काढायला लागतं. दवाखान्याची रुग्णनोंद, सनदी लेखापालाची विवरणपत्रं, शाळेचे प्रवेश, पतसंस्थेचं रोजचं खातं हे सगळं आता दूरच्या सर्व्हरवर आहे. पूर्वी नेट गेलं तर एक सोय जाई. आता काम जातं.

वीज जाण्याची तऱ्हाही बदलली आहे. ठरलेल्या वेळी चार तास जाणाऱ्या लाइटपेक्षा आज शहरांत आणि तालुक्यांत क्षणभर जाऊन परत येणारी लाइट जास्त छळते. दिवा एकदा मिचकतो आणि माणूस ते विसरूनही जातो. नेटवर्क मात्र त्या क्षणात पूर्ण बंद पडतं. ओएनयूला ऑपरेटरच्या यंत्राशी पुन्हा ओळख करून घ्यावी लागते, राउटर पहिल्यापासून सुरू होतो, त्यानंतर बिलिंगचं सॉफ्टवेअर पुन्हा लॉगिन मागतं. एका सेकंदाच्या झटक्याची किंमत तीन ते पाच मिनिटं होते. पावसाळ्यात दिवसातून असे कितीतरी झटके बसतात.

दुसरी तऱ्हा तासा-दोन तासांची आहे. डीपी जळाली, झाड तारेवर पडलं, किंवा गुरुवारच्या दिवशी दुरुस्तीसाठी वाहिनी बंद ठेवली. तिसरी तऱ्हा दिवसांची. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा कोकणातल्या कित्येक गावांत वीज परत यायला आठवडे लागले. ज्या मुंबईत लाइट जाणं ही बातमी असते, त्या मुंबईतही १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रीडच्या बिघाडाने लोकल थांबल्या आणि कार्यालयं अंधारात गेली. झटका, तास आणि दिवस या तीन तऱ्हांना तीन वेगळी उत्तरं आहेत. एकच वस्तू तिन्हींसाठी घेऊ पाहणाऱ्याचा पैसा बहुधा वाया जातो.

या क्षेत्रात काम करणाऱ्यांत आज चार विचारधारा दिसतात आणि नवख्या वाचकाने त्या आधी ओळखून घ्याव्यात.

पहिली, इन्व्हर्टरची. सगळ्या दुकानाला एकच इन्व्हर्टर आणि १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी. तास भरपूर मिळतात, बॅटरी चांगली सांभाळली तर बरीच वर्षं जाते आणि गावातला कुणीही मिस्त्री ती दुरुस्त करू शकतो. अडचण बदलाच्या क्षणाची आहे. मेनवरून बॅटरीवर जाताना साध्या इन्व्हर्टरला इतका वेळ लागू शकतो की तेवढ्यात राउटर बंद पडून पुन्हा सुरू होतो. पुष्कळ इन्व्हर्टरांच्या मागे यूपीएस मोडचं बटण असतं, त्याने हा वेळ बराच कमी होतो. ते बटण आहे हेच अनेकांना ठाऊक नसतं. शिवाय या बॅटरीला डिस्टिल्ड वॉटर घालावं लागतं, चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून ती बंद कपाटात ठेवता येत नाही.

दुसरी, लहान यूपीएसची. यात दोन जाती. साधा ऑफलाइन यूपीएस मेनची वीज आहे तशी पुढे देतो आणि ती गेली की बॅटरीवर जातो. लाइन इंटरॅक्टिव्ह यूपीएस त्याशिवाय कमी-जास्त व्होल्टेज सावरून घेतो. संध्याकाळी जिथे व्होल्टेज १८० पर्यंत उतरतं, तिथे ही सोय मोलाची आहे, नाही तर ऑफलाइन यूपीएस लाइट असतानाही वारंवार बॅटरीवर जातो आणि खरी लाइट गेली की रिकामा निघतो. झटक्यांवर ही विचारधारा उत्तम उत्तर देते, तासांवर नाही.

तिसरी, ऑनलाइन यूपीएसची. यात मेनची वीज आधी डीसी होते, मग पुन्हा एसी होऊन उपकरणांना मिळते. बदलाचा क्षणच उरत नाही, कारण उपकरणं कायम यूपीएसच्याच विजेवर असतात. सर्व्हर, प्रयोगशाळेची यंत्रं, जनित्राची डळमळीत वीज अशा ठिकाणी याला पर्याय नाही. पण तो अखंड वीज खातो, पंख्याचा आवाज करतो आणि गरम होतो. ४० वॉटचा सततचा अपव्यय म्हणजे महिन्याला जवळपास २९ युनिट. फक्त एक राउटर आणि एक स्विच असलेल्या दुकानाला हा खर्च परवडण्यासारखा असला, तरी योग्य नाही.

चौथी, थेट डीसीची, आणि माझा कल तिच्याकडे आहे. राउटर, ओएनयू, लहान स्विच यांच्या ॲडॉप्टरवर पाहिलं तर बहुतेकांना १२ व्होल्ट डीसी हवं असतं. बॅटरीही डीसीच देते. मग बॅटरीतल्या डीसीचं २३० व्होल्ट एसी करायचं आणि ॲडॉप्टरने त्याचं पुन्हा १२ व्होल्ट डीसी करायचं, हा उलटा फेरा कशासाठी? राउटरसाठी मिळणारा लहान डीसी यूपीएस हा फेरा टाळतो. कॅमेऱ्यांसाठी आणि वायफायच्या ॲक्सेस पॉइंटसाठी पीओई स्विच आहे, जो नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देतो. त्याचं पहिलं मानक २००३ मध्ये आलं आणि त्यात एका पोर्टवर १५.४ वॉट मिळतात. ही वीजही ४८ व्होल्टच्या आसपासची असते. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजची कल्पना इथे दुकानाच्या आकारात परत आली आहे. एका जागी बॅटरी, एका जागी देखभाल, आणि बाकी सगळ्यांना तारेतून वीज. सौर पॅनेल जोडायचं झालं तर तेही डीसीच देतं. या विचारधारेची मर्यादाही खरी आहे. वेगवेगळ्या व्होल्टची उपकरणं एकत्र असतील तर जोडणी काळजीपूर्वक करावी लागते आणि चुकीचं टोक लावलं तर उपकरण जळतं.

या चौघींमध्ये निवड करायची ती आकड्यांनी. इथे वाचकाला एक गोष्ट पक्की समजून घ्यावी लागते. यूपीएसच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं व्हीए म्हणजे नळाची रुंदी, आणि बॅटरीतले वॉट-अवर म्हणजे टाकीतलं पाणी. नेटवर्कला अरुंद नळ चालतो, टाकी मोठी लागते. दुकानात मात्र आपल्याला नळच विकला जातो.

एका दवाखान्याचं उदाहरण घेऊ. ओएनयू १० वॉट, राउटर १० वॉट, पीओई स्विच आणि त्यावरचे चार कॅमेरे मिळून २५ वॉट, चित्रण साठवणारा एनव्हीआर १५ वॉट. एकूण ६० वॉट. हे दोन तास चालवायचं तर १२० वॉट-अवर हवेत. डीसीचं एसी करताना वाया जाणारी वीज धरली तर बॅटरीतून सुमारे १५० वॉट-अवर निघतील. शिशाची बॅटरी टिकवायची असेल तर ती दर वेळी निम्म्याच्या खाली उतरू देऊ नये, म्हणून बॅटरी ३०० वॉट-अवरची, म्हणजे १२ व्होल्टची २५ अँपिअर-अवर लागेल. एलएफपीतली ८० टक्के वीज निर्धास्त वापरता येते, त्यामुळे १२.८ व्होल्टची १८ अँपिअर-अवर पुरून थोडी उरते.

आता सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस पाहा. त्याची ताकद साधारण ३६० वॉट, आपल्या गरजेच्या सहापट. आत बॅटरी मात्र १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची, कागदावर ८४ वॉट-अवर. शिशाची बॅटरी जितकी भरभर उतरवावी तितकी ती कमी वीज देते. जर्मन शास्त्रज्ञ पॉइकर्ट यांनी हा नियम १८९७ मध्ये मांडला. त्यामुळे बॅटरी नवी असतानाही हा यूपीएस या दवाखान्याला अर्धा ते पाऊण तास सांभाळेल. १००० व्हीएचा मोठा यूपीएस घेतला आणि त्यात बॅटरी तेवढीच असली, तर पैसे वाढतील, वेळ वाढणार नाही. डीसी यूपीएसच्या खोक्यावरही असाच एक खड्डा आहे. त्यावरचे ८००० मिलिअँपिअर-अवर बहुधा ३.७ व्होल्टच्या सेलवर मोजलेले असतात. गुणाकार केला तर ते ३० वॉट-अवरही भरत नाहीत. १५ वॉटच्या राउटर-ओएनयूला ते पावणेदोन तासांच्या आसपास पुरतील.

महाराष्ट्रात या हिशोबात उन्हाळाही धरावा लागतो. बॅटरीचं आयुष्य २५ अंश तापमान गृहीत धरून सांगितलेलं असतं. तापमान दर दहा अंशांनी वाढलं की शिशाच्या बंद बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं. चंद्रपूर, अकोला, जळगाव इथे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, आणि नेटवर्कच्या पेट्या आपण पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा छताला टेकलेल्या बंद कपाटात ठेवतो, जिथे बाहेरच्यापेक्षाही जास्त गरम असतं. चार वर्षांसाठी घेतलेली बॅटरी दीड-दोन वर्षांत बसते त्याचं मोठं कारण हेच. बॅटरी माळ्यावरून खाली जमिनीजवळ आणणं, हा या पुस्तकातला सर्वांत स्वस्त सल्ला आहे. त्याला काहीच खर्च येत नाही.

दुकानाच्या भिंतीबाहेरही पाहावं लागतं. तुमच्या पेट्या चार तास चालल्या, पण केबलवाल्याच्या खोलीतली बॅटरी वीस मिनिटांत उतरली, तर तुमचे चार तास निरुपयोगी. फायबर थेट ऑपरेटरच्या मुख्य यंत्रापर्यंत जात असेल तर मध्ये कुठे वीज लागत नाही. पण पुष्कळ ठिकाणी शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर एखादा स्विच असतो आणि तो त्या इमारतीच्या मीटरवर चालतो. ‘तुमच्याकडून माझ्यापर्यंत मध्ये कुठे कुठे लाइट लागते, आणि तिथे बॅकअप किती आहे?’ हा प्रश्न ऑपरेटरला जोडणी घेण्यापूर्वी विचारायला हवा. उत्तर समाधानकारक नसेल तर बॅटरीवरचा खर्च थोडा कमी करून सिमकार्डवर चालणारी दुसरी जोडणी ठेवणं शहाणपणाचं. तिलाही मर्यादा आहे. मोबाइल टॉवरही बॅटरीवर चालतात आणि लांबलेल्या अंधारात तेही बंद पडतात.

आणि आर्थिंग. बॅकअपच्या चर्चेत हा विषय सर्वांत शेवटी येतो, यायला हवा सर्वांत आधी. न्यूट्रल तुटला तर एका फेजवर ४०० व्होल्टपर्यंत दाब चढू शकतो. वीज कोसळली तर गच्चीवरच्या कॅमेऱ्याच्या तांब्याच्या केबलमधून तिचा झटका थेट स्विचपर्यंत उतरतो. आर्थिंग धड नसलेल्या जागी महागडा यूपीएसही उपकरणांबरोबर जळतो. दोन इमारतींमध्ये नेटवर्क न्यायचं असेल तर तांब्याऐवजी फायबर टाकावा, म्हणजे हा मार्गच बंद होतो.

या पुस्तकाने कोणत्याही कंपनीची शिफारस केलेली नाही. मॉडेल दर वर्षी बदलतात, हिशोब बदलत नाही. पुस्तकाचा आग्रह क्रमावर आहे. आधी कोणती उपकरणं चालू राहायलाच हवीत ते ठरवायचं, मग किती तास, मग किती गरमीत, मग देखभाल कोण करणार, आणि सगळ्यात शेवटी कोणती वस्तू. बाजार हा क्रम उलटा लावतो, म्हणून निवड चुकते. लेझर प्रिंटर बॅकअपवर का नसावा, कॅमेरे आणि बिलिंग वेगळ्या बॅटऱ्यांवर का असावेत, सर्व्हर असेल तर त्याला आपोआप नीट बंद होण्याची सूचना कशी द्यावी, अशा प्रश्नांची उत्तरं याच क्रमातून निघतात. औषधाचं दुकान, दवाखाना, सेवा केंद्र, पतसंस्था, दोन खोल्यांचं कार्यालय ही या पुस्तकाच्या नजरेसमोरची ठिकाणं आहेत. मोठ्या डेटा सेंटरसाठी दुसरी पुस्तकं आहेत.

सुरक्षेवर आणि विल्हेवाटीवर इथे जागा राखून लिहिलं आहे, कारण स्वस्तात मिळतं म्हणून नोंदणीशिवाय विकली जाणारी लिथियमची पॅक दुकानाच्या माळ्यावर ठेवणं धोक्याचं आहे. लहान यूपीएस आणि लिथियमचे सेल या दोन्हींना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी बंधनकारक आहे, ती खोक्यावर पाहून घ्यावी. जुनी शिशाची बॅटरी भंगारवाल्याला देऊ नये. ती उघड्यावर फोडून शिसं वितळवलं जातं आणि त्याचं विष सर्वांत आधी लहान मुलांच्या रक्तात जातं. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती परत गोळा करून पुनर्प्रक्रिया करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. नवी घेताना जुनी अधिकृत विक्रेत्याकडे परत करावी, तिचे पैसेही वजा होतात.

हे पुस्तक जितकं मालकासाठी आहे तितकंच वायरमनसाठी आणि नेटवर्क बसवणाऱ्या तरुणांसाठी आहे. आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना यात चांगला धंदा आहे. ग्राहकाला व्हीए न विकता तास मोजून देणारा माणूस आज गावात सापडत नाही, आणि असा माणूस एकदा सापडला की ग्राहक त्याला सोडत नाहीत.

पुढचं पान उलटण्यापूर्वी एक काम करावं, अशी वाचकांना विनंती आहे. आपल्या दुकानातल्या प्रत्येक पेटीचा ॲडॉप्टर हातात घ्या, त्यावर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर वाचा, त्यांचा गुणाकार करा आणि आलेले वॉट एका कागदावर उतरवून त्यांची बेरीज करा. प्रत्यक्ष वापर या बेरजेपेक्षा थोडा कमीच असेल, तेवढी शिल्लक सोयीचीच आहे. त्याच कागदावर आपल्या भागात लाइट साधारण किती वेळ जाते तेही लिहा. हे दोन आकडे हातात असतील, तर बॅटरीच्या दुकानात काय मागायचं ते तुम्ही ठरवाल, दुकानदार ठरवणार नाही.